मायोस्फेरॉइड म्युटंट बघायचाय? मग आधी घड्याळ नीट लावा

स्लाइडवर स्नायूंच्या जागी गोल गोल गोळे दिसले की बघणाऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "अरे, मसल बनलेच नाहीत की." मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वहीत हेच लिहिलं होतं आणि ते साफ चूक होतं. मायोस्फेरॉइड म्हणजे ड्रोसोफिला माशीचा एक म्युटंट, एक जीन बिघडलेला. त्याच्यात स्नायू बनतात, चांगले बनतात, आपापल्या जागी जाऊन टोकं टेकवतात सुद्धा, आणि मग एम्ब्रियो (अंड्यातला गर्भ) हलायला लागला, स्नायूंनी पहिल्यांदा जोर लावला, की टोकं सुटतात आणि अख्खा स्नायू आक्रसून गोळा होतो. म्हणजे दोष आधीपासून असतो पण दिसतो ओढ बसल्यावरच. त्यामुळे हा म्युटंट बघायचा म्हणजे ओढ बसायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, असा दोनदा बघायचा, नुसता शेवटचा गोळा बघून काहीच कळत नाही. एमएस्सीचा प्रोजेक्ट करणारी मुलं, नवीन पीएचडीवाले आणि कॉलेजात ड्रोसोफिला ठेवणारे शिक्षक यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय, कारण प्रोटोकॉल सगळीकडे मिळतात पण कुठे फसायला होतं ते कोणी लिहीत नाही.

आधी एक खुलासा. आपल्याकडे शेतकरी फळमाशी म्हणतात ती आंब्याला, पेरूला, काकडी-कारल्याला डंख मारणारी वेगळी माशी. आपली ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारं चिलट. इथे नुसतं माशी किंवा फ्लाय म्हटलं की हेच चिलट समजा.

हा जीन नेमका काय करतो

नावातच सगळं आहे, मायो म्हणजे स्नायू आणि स्फेरॉइड म्हणजे गोलाकार. टी. आर. एफ. राइट यांनी १९६० मध्ये या म्युटंटचं सविस्तर वर्णन छापलं, तेव्हा हा एक्स क्रोमोसोमवरचा एक लीथल (बिघडला की जीव घेणारा) जीन आहे आणि एम्ब्रियो अंड्यातच मरतो एवढंच माहीत होतं, प्रोटीन कुठलं याचा पत्ता नव्हता. तो लागला १९८८ मध्ये, जीन क्लोन झाल्यावर. कळलं की हा इंटिग्रिन नावाच्या प्रोटीनचा बीटा सबयुनिट, म्हणजे जोडीतला एक भाग आहे, माशीत त्याला बीटा-पीएस म्हणतात. गंमत म्हणजे पीएस हे नाव आधीच होतं, पोझिशन स्पेसिफिक म्हणून, कारण १९८१ पासून विंग डिस्कमध्ये (लार्व्हातल्या, पुढे पंख होणाऱ्या भागात) जागेनुसार वेगवेगळे दिसणारे अँटिजन म्हणून यांची ओळख होती. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकाच प्रोटीनपाशी येऊन भेटली.

इंटिग्रिन पेशीच्या पडद्यातून आरपार जातं. बाहेरचं टोक पेशींच्या मधल्या मॅट्रिक्सला, म्हणजे प्रोटीनच्या जाळ्याला धरतं आणि आतलं टोक टॅलिनसारख्या प्रोटीनमार्फत ॲक्टिनला, म्हणजे पेशीतल्या तंतूंना. स्नायूचं टोक जिथे टेकतं तिथे समोर त्वचेतली एक खास पेशी असते, टेंडन सेल. स्नायूच्या बाजूला अल्फा-पीएस२ अधिक बीटा-पीएस अशी जोडी, टेंडनच्या बाजूला अल्फा-पीएस१ अधिक बीटा-पीएस, आणि मध्ये लॅमिनिन, टिगरिन, थ्रॉम्बोस्पॉन्डिन वगैरे मॅट्रिक्स. मांडव डोळ्यासमोर आणा, स्नायू म्हणजे दोर, टेंडन सेल म्हणजे खुंटी आणि इंटिग्रिन म्हणजे गाठ. वारा नसेल तर कच्च्या गाठीचा मांडव पण उभाच दिसतो. बीटा सबयुनिट दोन्ही बाजूंना कॉमन असल्यामुळे तो गेला की दोन्हीकडच्या गाठी एकदम जातात, म्हणून मायोस्फेरॉइडचा फिनोटाइप (दिसणारा परिणाम) इतका जोरदार. अल्फा-पीएस२ च्या जीनचं नाव इन्फ्लेटेड, त्याच्या म्युटंटमध्येही स्नायू सुटतात पण थोडे कमी. अल्फा-पीएस१ गेला तर बरेच एम्ब्रियो अंड्यातून बाहेर पडून लार्व्हासुद्धा होतात.

अजून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. आई अंड्यात थोडं बीटा-पीएस भरून देते. आपण साधा क्रॉस करून जे म्युटंट एम्ब्रियो बघतो त्यांच्यात हा आईचा साठा असतो, त्याच्या जोरावरच ते स्नायू बनण्यापर्यंत येतात. जर्मलाइन क्लोन करून, म्हणजे आईच्या अंडी बनवणाऱ्या पेशीच म्युटंट करून, आईचाही साठा काढला तर खूप आधीच गोंधळ होतो, जर्म बँड (गर्भाचा मुख्य पट्टा) नीट मागे सरकत नाही, आणि मग स्नायूंच्या जोडणीबद्दल स्वच्छ काही बोलता येत नाही. नवशिक्यांनी तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टॉक आणि क्रॉस

स्टॉक अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीतल्या ब्लूमिंग्टन स्टॉक सेंटरमधून मागवता येतो, पण इम्पोर्टची कागदपत्रं आणि तुमच्या संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची मंजुरी यात वेळ जातो, म्हणून आधी बंगळुरूला एनसीबीएस कॅम्पसवरच्या फ्लाय फॅसिलिटीत आणि आसपासच्या लॅबमध्ये विचारा. नल अलील घ्या, म्हणजे जीनचा असा प्रकार ज्यात प्रोटीनचं काम पूर्ण गेलेलं असतं, आणि तो ज्या बॅलन्सरवर (म्युटेशन पिढ्यान्‌पिढ्या टिकवायला समोर ठेवलेला खास क्रोमोसोम) असेल तो बॅलन्सर जीएफपीवाला, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन बनवणारा असेल असं बघा. एक्सचा बॅलन्सर म्हणजे एफएम७; त्यातला एफएम७सी, ट्विस्ट-गॅल४, यूएएस-जीएफपी किंवा क्रुपल-गॅल४ वाला एफएम७सी, दोन्ही चालतात (गॅल४ हा जीन चालू करणारा स्विच, यूएएस ही तो स्विच बसायची जागा). साधा एफएम७ असेल तर आधी एक पिढी घालवून जीएफपीवाल्यावर आणा, हा वेळ वाया जात नाही.

बाहेरून आलेली कुपी लगेच बाकीच्या स्टॉकशेजारी ठेवू नका. निदान दोन पिढ्या वेगळ्या ट्रेमध्ये, माइट्स (बारीक कोळीवर्गीय किडे) नाहीत याची खात्री झाली की मग आत. पावसाळ्यात तर जास्तच, कारण माइट्स आणि बुरशी दोन्ही तेव्हाच उसळतात. आणि उन्हाळ्यात उलटं संकट, तापमान ३० डिग्रीच्या आसपास गेलं की नर वांझ व्हायला लागतात, माश्या जिवंत दिसतात, उडतात, पण अंडी फुटत नाहीत आणि आपण म्युटंटला दोष देत बसतो. नागपूर, जळगाव, सोलापूरकडच्या कॉलेजांमध्ये एप्रिल-मेमध्ये इन्क्युबेटर आणि इन्व्हर्टर नसेल तर हे काम काढूच नका, जूननंतर करा.

आता क्रॉस, आणि इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. स्टॉकमधल्या माद्या मायोस्फेरॉइड/एफएम७ असतात आणि नर एफएम७/वाय. तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक क्रोमोसोम असं वाचा. म्युटंट नर जगतच नाहीत, त्यांना एकच एक्स. यांची पिल्लं चार प्रकारची होतात: मायोस्फेरॉइड/एफएम७ मादी, एफएम७/एफएम७ मादी, एफएम७/वाय नर आणि मायोस्फेरॉइड/वाय नर. पहिल्या तिघांत जीएफपी असतो, फक्त शेवटच्यात नसतो. म्हणजे हिरवा न दिसणारा एम्ब्रियो म्हणजे म्युटंट, बरोब्बर एक चतुर्थांश, हिशोब स्वच्छ. पण कोणीतरी सांगतं की बॅलन्सरचे नर अशक्त असतात त्यापेक्षा वाइल्ड टाइप नर टाका, आणि तिथे फसगत होते. कारण मग मायोस्फेरॉइड/प्लस (प्लस म्हणजे नॉर्मल एक्स) माद्याही बिनहिरव्या येतात, त्या एकदम नॉर्मल असतात, आणि तुमच्या "म्युटंट" ढिगात अर्धे नॉर्मल एम्ब्रियो मिसळतात. माझे यात जवळजवळ तीन आठवडे गेलेत. अर्ध्या एम्ब्रियोत स्नायू सुटलेले आणि अर्ध्यात मस्त जोडलेले बघून मी अलील कमकुवत आहे अशी थिअरी तयार केली होती, अलील ठणठणीत होता, क्रॉस चुकला होता. तेव्हा नर जीएफपी बॅलन्सरवालेच घ्या.

माद्या निवडताना डोळे बघा. एफएम७ वर बार हा मार्कर असतो. एक कॉपी असेल तर डोळा राजम्याच्या दाण्यासारखा, मध्ये खाच पडलेला दिसतो, दोन कॉपी असतील तर नुसती उभी बारीक पट्टी. आपल्याला राजमावाल्या व्हर्जिन (अजून नराशी न जुळलेल्या) माद्या हव्यात. पट्टीवाल्या माद्या एफएम७सी मध्ये वांझच असतात, त्या घेतल्या तर अंडी कमी मिळतील आणि गणित बिघडेल. नर मात्र पट्टीवालेच, त्यांना एकच एक्स आहे.

पिंजरा, प्लेट आणि घड्याळ

निदान शंभरेक माद्या आणि पन्नासेक नर छोट्या पिंजऱ्यात टाका. बाजारातला साधा प्लॅस्टिकचा बीकर, त्याला सुईने भोकं पाडून, तोंडाला आगरची प्लेट टेपने लावली तरी पिंजरा झाला. प्लेट द्राक्षाच्या नाहीतर सफरचंदाच्या रसाची, त्यावर मधोमध यीस्टची पेस्ट, वाटाण्याएवढी, जास्त नको नाहीतर अंडी त्यातच बुडतात आणि धुताना हैराण करतात. माद्यांना दोन दिवस ताजं यीस्ट खाऊ घालून मगच मोजायला सुरुवात करा, भुकेली मादी अंडी अडवून ठेवते. याच कारणासाठी दिवसाची पहिली तासाभराची प्लेट फेकून द्यायची, कारण आत धरून ठेवलेली, आधीच वाढलेली अंडी त्यात पडलेली असतात आणि तुमचं वय चुकतं.

आता वेळापत्रक. २५ डिग्रीला एम्ब्रियो साधारण २२ ते २४ तासांत फुटतो. स्नायूंची टोकं टेंडनवर जाऊन टेकतात ती १३ तासांच्या आसपास, एम्ब्रियोच्या वाढीची स्टेज १६ लागताना. पहिल्या हालचाली साधारण १४ तासांपासून सुरू होतात, आधी एखादा सेगमेंट नुसता थरथरतो, मग हळूहळू अख्ख्या अंगातून लाटा जायला लागतात. म्हणून मी असं करतो: संध्याकाळी ५ ते ७ अंडी घालून घ्यायची, प्लेट २५ डिग्रीला ठेवायची, आणि सकाळी ७ ला ती प्लेट ब्लेडने मधोमध कापायची. एक अर्धी तेव्हाच फिक्स (रसायनाने आहे त्या अवस्थेत थांबवायची), त्यात एम्ब्रियो १२ ते १४ तासांचे. दुसरी अर्धी परत इन्क्युबेटरमध्ये आणि सकाळी साडेदहाला फिक्स, म्हणजे साडेपंधरा ते साडेसतरा तासांचे. एकाच प्लेटवरचे, एकाच आयांचे, एकाच रात्रीचे एम्ब्रियो, फरक फक्त साडेतीन तासांचा आणि त्या साडेतीन तासांत बसलेल्या ओढीचा. यापेक्षा चांगला कंट्रोल मला अजून सुचलेला नाही.

रात्री १८ डिग्रीला ठेवून सकाळी आरामात करायचं असेल तर वाढ साधारण निम्म्या वेगाने होते हे धरून चाला, पण मग इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. आत पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून ठेवा आणि तो बघा. दोन डिग्रीचा फरक असला तरी तुमचे "नंतरचे" एम्ब्रियो प्रत्यक्षात "आधीचे" निघतात, सगळे स्नायू जोडलेले दिसतात, आणि माणूस म्हणतो स्टॉकमधून म्युटेशन निघून गेलं.

स्टेज ओळखायची कशी? नेहमी आपण आतड्याच्या घड्यांवरून स्टेज सांगतो. इथे ते चालत नाही, कारण मायोस्फेरॉइडमध्ये आतडंही नीट लांबत नाही, वळत नाही, आणि म्युटंट प्रत्यक्षापेक्षा लहान वाटतो. म्हणून त्याच प्लेटवरच्या हिरव्या भावंडांची स्टेज बघा आणि तीच म्युटंटची धरा.

धुणं, सोलणं, फिक्स करणं

ब्रशने एम्ब्रियो जाळीच्या बास्केटमध्ये घ्या, पाण्याने यीस्ट पूर्ण काढा. मग ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट चार ते पाच टक्क्यांचं असेल तर समभाग पाणी घालून, दोन ते तीन मिनिटं. मायक्रोस्कोपखाली बघत राहा, अंड्याच्या पुढच्या टोकाला जी दोन शिंगं असतात ती गायब झाली की कोरियन, म्हणजे बाहेरचं कवच गेलं. लगेच भरपूर पाण्याने धुवा, ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत. याच टप्प्यावर फ्लुओरोसन्स स्टिरिओमायक्रोस्कोप असेल तर हिरवे आणि बिनहिरवे जिवंतच वेगळे करता येतात, आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी इथेच वेगळे करावेत, पुढचं सगळं सोपं होतं. नसेल तर नंतर अँटी-जीएफपी (जीएफपीला चिकटणारी अँटिबॉडी) लावून ओळखायचं.

फिक्सिंगसाठी काचेच्या छोट्या व्हायलमध्ये अर्धं हेप्टेन आणि अर्धं पीबीएसमधलं (पेशींना सोसणारं मिठाचं द्रावण) चार टक्के फॉर्माल्डिहाइड. एम्ब्रियो दोन थरांच्या मधोमध तरंगतात. वीस मिनिटं शेकरवर, फ्यूम हूडमध्ये, ग्लोव्ह्ज घालून. मग खालचा फॉर्माल्डिहाइडचा थर काढून वेगळ्या वेस्टच्या बाटलीत टाका, ब्लीचच्या वेस्टमध्ये अजिबात नाही. आता मिथेनॉल ओता आणि अर्धा मिनिट ते एक मिनिट जोरात हलवा, मनगट दुखेपर्यंत. कोरियनखालचा व्हिटेलाइन पडदा फुटून सुटे झालेले एम्ब्रियो तळाशी बसतात, न सुटलेले मधल्या थरात तरंगत राहतात, त्यांचा मोह सोडा.

इथे एक मोठी पाचर आहे. स्नायू बघायचा सगळ्यात सोपा रंग म्हणजे फॅलॉइडिन, तो ॲक्टिनला चिकटतो, पण मिथेनॉलमधून गेलेल्या ॲक्टिनला तो नीट धरत नाही. म्हणजे वरचा स्टँडर्ड प्रोटोकॉल केला आणि फॅलॉइडिन टाकलं की काळी स्लाइड मिळते. फॅलॉइडिन हवं असेल तर मिथेनॉलऐवजी ८० टक्के इथेनॉल वापरा, सुटे होणारे कमी मिळतात पण जे मिळतात ते सुंदर रंगतात, नाहीतर दुहेरी चिकटणाऱ्या टेपवर ठेवून पीबीएसमध्ये सुईने एकेकाचा पडदा हाताने काढा. हाताने काढायला सवय लागते, पहिल्या दिवशी दहातले दोन जमले तरी भरपूर समजा.

दुसरी अडचण उशिराच्या एम्ब्रियोची. १६ तासांनंतर क्युटिकल (त्वचेवरचं कडक आवरण) बनायला लागतं आणि अँटिबॉडी आत शिरत नाही. आपल्याला नेमके तेच एम्ब्रियो हवे असतात. यावर चांगला उपाय म्हणजे जिवंत एम्ब्रियो पाठीतून उघडून सपाट पसरवायचा आणि मग फिक्स करायचा. सेलोटेपचा गम हेप्टेनमध्ये विरघळवून स्लाइडवर थेंब सुकवला की झाला गोंद, त्यावर पीबीएसखाली एम्ब्रियो चिकटवून ओढलेल्या काचेच्या सुईने चीर द्यायची. मायोस्फेरॉइडच्या बाबतीत मात्र थोडं जपून, कारण या एम्ब्रियोंची पाठ बऱ्याचदा आधीच फाटलेली असते, आतला बलक आणि आतडं बाहेर आलेलं असतं. ही तुमच्या सुईची चूक नाही, तो फिनोटाइपचाच भाग आहे, राइट यांच्या वर्णनातही आहे. पण नोंद सुई लावायच्या आधी करा, नंतर कोणाची करामत ते कळत नाही. पाठ बंद होण्याच्या या प्रक्रियेत इंटिग्रिन काय करतं यावर मैथ्रेयी नरसिम्हा आणि निक ब्राउन यांचं २००४ चं काम आहे, ॲम्निओसेरोसा (पाठ बंद होईपर्यंत तिथे पसरलेला पेशींचा पातळ थर) खालच्या योक सेलला (बलकाच्या पेशीला) इंटिग्रिनमुळे धरून असतो हे त्यांनी दाखवलं. नरसिम्हा यांची लॅब मुंबईत टीआयएफआरला आहे.

रंगवणं

तीन गोष्टी दिसायला हव्यात: स्नायू, बीटा-पीएस स्वतः आणि जीएफपी. बीटा-पीएससाठी सीएफ.६जी११ नावाची माऊस मोनोक्लोनल अँटिबॉडी आयोवाच्या हायब्रिडोमा बँकेत मिळते. स्नायूसाठी मायोसिन हेवी चेनची अँटिबॉडी घेताना ती माऊसची घेऊ नका, दोन्ही माऊस झाल्या तर सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला चिकटणारी रंगीत अँटिबॉडी) दोघींना सारखीच चिकटेल आणि जोडणीच्या जागी काय दिसतंय ते सांगताच येणार नाही. रॅटमध्ये बनलेली घ्या किंवा सरळ फॅलॉइडिन. जीएफपीची रॅबिटमधली. आणि स्नायू हिरवे करणारा एमएचसी-टाऊ-जीएफपी वगैरे ट्रान्सजीन जीएफपी बॅलन्सरबरोबर वापरू नका, मग हिरवा कोण नि बिनहिरवा कोण हेच हरवतं.

ब्लॉकिंग पीबीएस, ०.१ ते ०.३ टक्के ट्रायटन आणि एक टक्का बीएसए, तासभर. प्रायमरी रात्रभर ४ डिग्रीला, सुपरनॅटंट (शुद्ध न केलेलं अँटिबॉडीचं पाणी) असेल तर १:१० पासून सुरू करून आपल्या हाताला बसेल ते ठरवा. धुणं घाईत उरकू नका, पंधरा मिनिटांचे चार वॉश मनापासून. सेकंडरी दोन तास अंधारात, डॅपी (न्यूक्लियस दाखवणारा रंग) शेवटच्या धुण्यात, आणि माउंट ७० टक्के ग्लिसरॉलमध्ये किंवा वेक्टाशील्डमध्ये. डॅपी विसरू नका, का ते खाली येतंयच.

ज्यांच्याकडे अँटिबॉडी नाहीत, कॉन्फोकल नाही, त्यांनीही निराश व्हायचं कारण नाही. पूर्ण बनलेल्या स्नायूत मायोसिन-ॲक्टिनची रचना इतकी शिस्तीत असते की तो पोलराइज्ड प्रकाशात चमकतो. कोरियन काढलेला १७ ते २० तासांचा एम्ब्रियो तेलाच्या थेंबात ठेवा, एक पोलरॉइड शीट दिव्यावर, दुसरी आयपीसखाली, आणि दोन्ही एकमेकींना आडव्या करा, सगळं काळं होतं आणि त्या काळ्यात स्नायू चांदीच्या तारांसारखे उजळतात. मी हे पहिल्यांदा बघितलं ते कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपवर, आणि नॉर्मल एम्ब्रियोच्या शेजारी म्युटंट आला तेव्हा तारांच्या जागी नुसते चमकते ठिपके होते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी मी तरी हीच पद्धत सुचवेन.

आता बघायचं काय

पोटाचे दुसरा ते चौथा सेगमेंट पकडा, तिथला नकाशा ठरलेला आहे, प्रत्येक अर्ध्या सेगमेंटमध्ये ३० स्नायू. सगळे मोजत बसू नका. पोटाकडचे चार आडवे लांब स्नायू आणि बाजूचे चार उभे, एवढे आठ पुरे. प्रत्येकाला तीनपैकी एक शेरा द्या: दोन्ही टोकं जोडलेली, एक टोक सुटलेलं, पूर्ण गोळा. शेरा देताना स्लाइडवरचं लेबल झाकून ठेवा आणि शक्य असेल तर दुसऱ्याला द्यायला सांगा.

सकाळी ७ च्या म्युटंटमध्ये स्नायू बऱ्यापैकी जागेवर दिसायला हवेत, लांबट, टोकं टेंडनपर्यंत पोचलेली. नॉर्मल भावंडात सीएफ.६जी११ ची झळाळती रेघ सेगमेंटच्या सीमेवर, स्नायूंच्या टोकांना दिसते, म्युटंटमध्ये ती गायब किंवा आईच्या साठ्याची अगदी पुसट. साडेदहाच्या म्युटंटमध्ये बघा, गोळे. मधल्या वेळचा एखादा एम्ब्रियो सापडला तर तिथे थांबा आणि नीट बघा, कारण सगळ्यात सांगणारं चित्र तेच असतं: एका स्नायूचं मागचं टोक अजून धरलेलं, पुढचं सुटलेलं, आणि सुटलेल्या बाजूने स्नायू फुगून थेंबासारखा झालेला, शेपटी मात्र अजून टेंडनला लागलेली.

आता डॅपी कशाला. गोल पेशी दिसणारे इतरही म्युटंट आहेत. मायोब्लास्ट सिटीसारख्या म्युटंटमध्ये मायोब्लास्ट (स्नायू बनवणाऱ्या सुट्या पेशी) एकमेकांत मिसळतच नाहीत, मग तिथेही गोल गोल मायोसिनवाल्या पेशी दिसतात. पण त्या छोट्या असतात आणि प्रत्येकीत न्यूक्लियस एकच. मायोस्फेरॉइडचा गोळा मोठा असतो आणि त्यात बरेच न्यूक्लियस दाटीने बसलेले असतात, कारण तो एकेकाळी पूर्ण, मिसळून बनलेला स्नायू होता. एवढ्या एका गोष्टीवरून "बनलाच नाही" आणि "बनून सुटला" हे वेगळं होतं. मी पहिल्या वेळी डॅपी टाकलं नव्हतं, म्हणून वहीत ते चुकीचं वाक्य आलं. तिसरी शक्यता खुंटीच नसण्याची, स्ट्राइप जीन गेला की टेंडन सेल नीट बनत नाहीत आणि स्नायू भरकटतात. तिथे सकाळी ७ च्या एम्ब्रियोतच स्नायू वाट चुकलेले असतात, त्यामुळे आधीचा टाइमपॉइंट असेल तर हा गोंधळ होत नाही. मोठ्या माशीच्या उडण्याच्या स्नायूंच्या जोडणीत पीएस इंटिग्रिन आणि स्ट्राइप यांचं काम काय, यावर के. विजयराघवन आणि सहकाऱ्यांचं १९९६ चं काम आहे, ज्यांना एम्ब्रियोच्या पुढे जायचंय त्यांनी तिथून सुरुवात करावी.

सोबत एक साधी मोजणी कराच. न रंगवलेली २०० अंडी ओळीत मांडून ३६ तासांनी न फुटलेली मोजा. चतुर्थांशाच्या आसपास यायला हवीत, वर थोडी न फळलेली, ती किती हे कळायला शेजारी नुसत्या जीएफपी बॅलन्सरच्या कुटुंबाची प्लेट ठेवा, माद्या एक एक्स वाइल्ड टाइप आणि दुसरा बॅलन्सर अशा घ्या म्हणजे वांझपणा मध्ये येत नाही. निम्मी अंडी मेलेली निघाली तर स्टॉकमध्ये दुसरं काहीतरी शिरलंय, रंगवत बसण्याआधी ते निस्तरा.

दोष खरंच याच जीनचा आहे हे दाखवायचं तर साधा उपाय सुचतो तो म्हणजे दुसऱ्या लीथल अलीलशी क्रॉस, पण एक्सवरच्या लीथलचा बापच जगत नाही, मग क्रॉस करणार कोणाशी. त्यासाठी त्या भागाचं डुप्लिकेशन (एक जादा नॉर्मल प्रत) असलेले नर लागतात, किंवा तापमानानुसार बदलणारा अलील, ज्याचे नर कमी तापमानाला जगतात. नाहीतर नॉर्मल जीनचा ट्रान्सजीन (बाहेरून बसवलेली प्रत) परत घालून स्नायू जागेवर राहतात का बघायचं. पहिल्या प्रोजेक्टला मी ट्रान्सजीनच सांगेन.

एम्ब्रियो नको, मोठी माशी हवी असेल तर

शाळा-कॉलेजात दाखवायला पंख सगळ्यात सोपा. पंख म्हणजे त्वचेचे दोन थर एकमेकांना चिकटलेले, वरच्या थरात अल्फा-पीएस१, खालच्यात अल्फा-पीएस२, आणि बीटा-पीएस दोन्हीकडे. पंखाच्या गॅल४ ड्रायव्हरने, नबिन-गॅल४ उदाहरणार्थ, मायोस्फेरॉइडची आरएनएआय (जीनचं काम बंद पाडणारा आरएनए) चालवली की थर सुटतात आणि पंखावर पाण्याने भरलेला फोड येतो, चटका बसल्यावर बोटाला येतो तसा. क्लोन, म्हणजे पंखात फक्त काही पेशी म्युटंट बनवायच्या असतील तर एक्सवरचे एफआरटी (क्रोमोसोम कापून जोडायच्या जागा) आणि हीट शॉक फ्लिपेज (उष्णतेने चालू होणारं ते काम करणारं एन्झाइम), पण वर्गासाठी आरएनएआय पुरे. यात फक्त एक सांभाळायचं, फोड टम्म दिसतो तो माशी प्युपातून नुकतीच बाहेर आल्यावर. काही तासांत आतलं पाणी जातं आणि पंख सुरकुतून तपकिरी पडतो, मग मुलांना नुसता चुरगळलेला पंख दिसतो आणि फोड सांगूनही पटत नाही. म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी बाटलीतल्या सगळ्या मोठ्या माश्या काढून टाका, आणि तास सुरू व्हायच्या आधीच्या तासाभरात जेवढ्या नव्या निघतील तेवढ्याच बर्फावर ठेवून वर्गात न्या.